मानाची चटई

आपिया, ४ ऑगस्ट

सेतेदादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तालियामावशीच्या हाती देतो आहे. ती शनिवारी ऑकलंडला निघते. सोबत कोकोची पुडी आहे, आईनं घरी भाजलेली. पत्र वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण कोको परत पाठवू नकोस. मागच्या वेळी परत आलेली पुडी आईनं उघडलीसुद्धा नाही. ती अजून फळीवर तशीच आहे.

आधी मुद्द्याचं लिहितो. ‘निकाल राखून’ ही आमची मालिका बहुतेक बंद होणार.

काल उइलीसाहेब चर्चच्या हॉलमध्ये आले. आमचं न्यायालय तिथेच मांडलेलं असतं. न्यायाधीशांच्या खुर्च्या, एक लांब टेबल, आणि मागची बाप्तिस्म्याची पाटी दिसू नये म्हणून टांगलेला निळा पडदा. साहेब चॅनेलचे प्रमुख आहेत हे खरं, पण आम्ही सगळे खाली बसलेलो असताना ते रीत सोडून उभ्यानंच बोलायला लागले. त्यावरूनच समजलो, बातमी चांगली नाही.

“लोसा, मालिका उत्तम आहे. पण बघणारेच नाहीत.”

लोसा आमची दिग्दर्शिका. लिहितेही तीच. ती म्हणाली, “बघतील कसे? गुरुवारी नेमका प्रार्थनेचा शंख वाजतो तेव्हा तुम्ही आम्हाला लावता. त्या वेळी ज्या घरात टीव्ही चालू दिसेल त्या घराला गाव दंड करतं. एक डुक्कर दंड भरून कोण बघणार आमचं न्यायालय?”

“तेवढीच वेळ मोकळी होती.”

“मोकळी का होती, याचा विचार केलात?”

मागून याकोपोकाका म्हणाले, “साहेब, दर गुरुवारी देव तरी बघतोच ना? त्याचा एक धरा.”

याकोपोकाका म्हणजे तेच, विनोदी नाटकात बाईचं सोंग घेऊन यायचे. त्यांना बघून तू इतका हसला होतास की बाबांनी तुला उचलून बाहेर नेलं होतं. इथे ते हसवत नाहीत. इथे ते आरोपीच्या घराचे प्रमुख असतात. संवादांचे मोठे फलक मी लिहितो आणि कॅमेऱ्याच्या बाजूला धरून उभा राहतो. तुला माहीत आहे, नववीतच शाळा सुटली, पण अक्षर मी सांभाळलं आहे. तर काका न्यायाधीशांपुढे उठून उभे राहतात, फलकाकडे बघतात आणि पहिलं वाक्य बोलण्याआधी असे काही गप्प राहतात, की मी पुढचा फलक वर करायचं विसरतो. दादा, माणूस नुसता गप्प राहून एवढं काही करू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं.

आमच्या जागी जुन्या रग्बीचे सामने लावायचं चाललं आहे.

तुला हे का कळवतो ते सांगतो. तिरेसावहिनीनं आईला सांगितलं आहे, की दर गुरुवारी तू दार लोटून, ताट घेऊन फोनसमोर बसतोस. आणि मी कारकून होऊन ‘सर्वांनी उभं राहावं’ म्हणतो, तेव्हा स्टुलावरचे पाय खाली घेतोस. वहिनीवर रागावू नकोस. हे ऐकलं त्या दिवशी आई दोनदा जेवली. माझं काम गेलं तर मी परत घरी जाऊन तारोचे कंद लावीन, त्याचं काही नाही. पण मग तू गुरुवारी काय बघणार?

तुझा धाकटा,
मलाकी


आपिया, १९ ऑगस्ट

सेतेदादा,

उत्तर आलं नाही. पण कोकोही परत आला नाही. आई त्यालाच उत्तर समजते आहे.

उइलीसाहेबांनी शेवटचा एक भाग करायला परवानगी दिली. “गोष्ट संपवा आणि हॉलच्या किल्ल्या द्या,” म्हणाले. पुढचं काय ते तो भाग बघून ठरवणार. लोसा म्हणते, ते बघणार नाहीत, ते आकडे बघणार.

तू बघतोच आहेस, तर गोष्ट तुला ठाऊक आहे. होडीवाल्याच्या होडीखाली सापडून एक मुलगा जातो आणि आमचं न्यायालय वर्षभर तो खटला चालवतं. शेवटच्या भागात न्यायाधीश होडीवाल्याला सोडतात. दोष सिद्ध होत नाही. आणि मग दुसऱ्या दिवशी पहाटे याकोपोकाका ‘हवं तर आम्हाला भाजा’ म्हणून खांद्यावर सरपण आणि चुलीचे दगड घेऊन त्या मुलाच्या दारासमोर जातात आणि चटई डोक्यावरून घेऊन खाली मान घालून बसतात. इफोगा. त्या घरानं चटई उचलेपर्यंत बसायचं. मग माफी, नाहीतर मार. संवाद जवळजवळ नाहीतच. लोसानं लिहिलेलं वाचून मी तिला विचारलं, “फलकांचं काय?” ती म्हणाली, “या भागात फलक नाहीत, मलाकी.”

दादा, ही गोष्ट लोसाची आहे. मी तिला आपल्याबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नाही. हे मनात पक्कं धर. गाड्या, होड्या सगळीकडे असतात आणि मुलंही सगळीकडे असतात.

तुझाही दोष नव्हता. संध्याकाळची वेळ होती, व्हिलियामू एकदम रस्त्यावर आला, तू ब्रेक दाबला होतास. न्यायाधीशांनी तसंच लिहिलं. कागदपत्र मी वाचलं आहे, कारण बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं होतं. मग बाबा म्हणाले, “कोर्टानं माझ्या पोराला सोडलं. आता मी डोकं कशाला झाकू?” तू म्हणालास, “मग मी एकटा जातो.” आणि बाबा म्हणाले, “घराच्या प्रमुखाशिवाय गेलास तर ती इफोगा नव्हे. ती चटई पांघरून मागितलेली भीक.” मी स्वयंपाकघरात नारळ खोवत होतो. मी खोवायचं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर मी ऐकतो आहे हे तुम्हाला कळलं असतं.

तू ज्या आठवड्यात विमानात बसलास, त्याच आठवड्यात आई एक चटई विणायला बसली. अजून विणते आहे. मानाची, बारीक विणीची. कशासाठी, ते ती सांगत नाही आणि बाबा विचारत नाहीत. बाबा आमची मालिकाही बघत नाहीत. टीव्ही लावला की ते डुकरांकडे जातात.

एक गोष्ट राहिली. शेवटच्या भागासाठी समुद्रकाठचं खांबांचं खरं घर हवं होतं. लोसाला एका गावानं ते फुकट दिलं. फागालोआच्या बाजूचं गाव आहे. तुला कळलं असेल कोणतं. मी काही बोललो नाही. घर कुणाचं, ते अजून मला माहीत नाही. गावात घरं पुष्कळ आहेत.

मलाकी


पाद्रीबाबांचं घर, १ सप्टेंबर

सेतेदादा,

काल त्या गावात पोचलो. हे पत्र सकाळच्या बसवाल्याकडे देईन.

घर मकेरिताबाईंचं आहे. व्हिलियामूच्या आईचं.

मी दिव्यांची पेटी घेऊन आत गेलो, तर मधल्या खांबावर त्याचा फोटो होता, शिंपल्यांची माळ घातलेला. मी पेटी तशीच उचलून बाहेर आणली. मग लक्षात आलं की पेटी आतच ठेवायची होती, म्हणून पुन्हा आत नेली. बाई खांबाला टेकून पाला निवडत बसल्या होत्या.

“तू कुठला रे?”

“आपियाचा.”

हे खोटं नाही. मी आपियातच राहतो. तरी माझे कान तापले.

लोसाला त्या मुलाचं गावातून कळलं आणि ती घाबरून बाईंकडे गेली. म्हणाली, “आम्ही दुसरं घर बघतो. मला माफ करा, मला माहीत नव्हतं.” बाईंनी पाल्यावरून नजर उचलली नाही. म्हणाल्या, “माझ्या दारात आजवर कुणी येऊन बसलं नाही. नाटकातलं तरी येऊ दे.”

दादा, मी तिथेच वायर गुंडाळत होतो. माझ्या हातून गुंता झाला.

मग चटईचं झालं. लोसानं आपियाच्या बाजारातून नायलॉनची चटई आणली होती, पाहुण्यांना विकतात तसली. गावच्या महिला समितीच्या बाया ती बघून इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. “ही कशाला आणलीत ग? पाय पुसायला?” मग हसणं थांबलं आणि समितीच्या मुख्य बाई म्हणाल्या, असलं फडकं या दारासमोर आलं तर तो घराचा अपमान होईल, कॅमेरा असो नाहीतर नसो. त्यांनी गादीखालून समितीची खरी चटई काढली. जुनी, रेशमासारखी मऊ, काठाला तांबडी पिसं. तिला स्वतःचं नाव आहे. एका राजघराण्याच्या लग्नात ती गेली होती आणि परत आली होती. आणि म्हणाल्या, चटई उचलायचीच असेल तर घरच्या बाईनं उचलायची. आपियाच्या नटीनं नाही. मकेरिताबाईंनी मान हलवली.

याकोपोकाका चटईकडे बघत राहिले. मग मागे सरकून बसले.

“लोसा, मी नाही.”

“काका, अहो, अभिनय आहे हा!”

“नायलॉनखाली अभिनय होतो. याखाली होत नाही, पोरी. खऱ्या चटईखाली खोटं डोकं घातलं की खोटं पाप खरं होऊन मागोमाग घरी येतं. मला नातवंडं आहेत.”

“तोंड दिसणारच नाही. कुणीही बसलं तरी चालेल,” लोसा म्हणाली आणि तिनं एकेकाकडे बघितलं. कॅमेरावाला म्हणाला, मग कॅमेरा कोण धरणार? ड्रायव्हर म्हणाला, परवा माझ्या लग्नाची बोलणी आहेत, बाई, एवढं नका करू. जो तो आपल्या पायांकडे बघायला लागला. कुणीच भित्रं नव्हतं, दादा. सगळ्यांचं बरोबर होतं. इतक्या शूटिंगमध्ये ही माणसं छपरावर चढली आहेत, लाटेत उभी राहिली आहेत. पण त्या चटईसमोर सगळे मुलांसारखे झाले होते. मीसुद्धा तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, तीही आमच्याकडे बघते आहे.

मग मला दिसलं, की या सगळ्यांत एकच माणूस असा आहे, ज्याचं डोकं त्या चटईखाली खोटं ठरणार नाही.

मी हात वर केला.

“तू?” लोसा म्हणाली. “मग फलक?”

“उद्या फलक नाहीत,” मी म्हणालो.

उद्या पहाटे आहे. मला झोप येत नाही असं नाही, मी झोपणार आहे. सरपण मोजून बांधलं आहे, दगड धुऊन ठेवले आहेत. आईला यातलं काही कळवू नकोस.

मलाकी


आपिया, ५ सप्टेंबर

सेतेदादा,

मी बरा आहे. तळपाय थोडे भाजले आहेत, खोबरेल लावतो आहे.

तुला तालियामावशीकडून किंवा चर्चमधल्या कुणाकडून काही कळेल. ऐकू नकोस. सतरा तारखेच्या गुरुवारी भाग लागणार आहे, तो आधी बघ. मग मी सगळं लिहीन. आधी लिहिलं तर चुकीचं लिहीन, असं वाटतं.

बाबा दोन रात्री माझ्या खोलीत झोपले. घोरतात. सकाळी उठून त्यांनी माझ्या खिडकीची बिजागरी नीट केली आणि म्हणाले, “असल्या खिडकीत कसा राहतोस?” आई शेजारच्या बाईकडे झोपली. काल दोघं बोटीनं घरी गेली.

मलाकी


आपिया, १८ सप्टेंबर

सेतेदादा,

काल बघितलास का? आवाज नीट आला का? वाऱ्यामुळे माझं वाक्य अर्धं गेलं असेल अशी मला भीती आहे, म्हणून इथे पूर्ण लिहितो.

तुला काय दिसलं ते मला माहीत आहे. पहाट, घर, अंगणात चटईचा एक उंचवटा आणि त्याखालून दिसणारे माझे तळपाय. मला जे माहीत आहे ते आतलं.

मी ठरवलं होतं, बोलायचं काहीच नाही, नुसतं बसायचं. लोसानंही तसंच सांगितलं होतं. गावाच्या वतीनं बोलणारा वक्ता काठी टेकत येईल, विचारेल, आणि तिनं लिहिलेलं एक बनावट नाव मी सांगेन. तेवढंच. काठी माझ्या गुडघ्याजवळ थांबली. वक्ता म्हणाला, “कुठल्या घरातून आलात?”

मला ते नाव पाठ होतं. मीच ते स्वच्छ अक्षरात लिहून काढलं होतं. पण तोंड उघडलं आणि मी म्हणालो, “पलीकडच्या बेटावरच्या तुईलोमांच्या घरातून. गाडी चालवणारा सेतेफानो माझा भाऊ.”

काठी हलली नाही. नंतर मला दगड उचलल्याचे आवाज ऐकू आले, एकामागून एक. बाजूला गावचे तरुण उभे होते. माझ्या पुढ्यात मी आणलेले चुलीचे दगड होते आणि मला एवढंच वाटलं, की यांना दगड आणायला लांब जावं लागलं नाही. वक्ता त्यांच्याकडे न वळता म्हणाला, “खाली ठेवा.” आणि त्यांनी ठेवले. मागे लोसा काहीतरी पुटपुटली. याकोपोकाकांचा आवाज आला, “कॅमेरा बंद करू नकोस. आणि बोलू पण नकोस.”

मग आतून बाईंचा आवाज आला. “चटई कुणाची आहे?”

“आपल्या समितीची,” वक्ता म्हणाला.

“म्हणजे आमचीच चटई पांघरून आमची माफी मागायला आलाय. आणि एकटा. याच्या घराला प्रमुख नाही का?”

बाबा वर्षानुवर्षं हेच सांगत होते ना? चटई पांघरून मागितलेली भीक.

“बसू दे त्याला,” बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं आत नारळ खोवायचा आवाज सुरू झाला. त्या आवाजाखाली मी सकाळभर बसलो होतो.

ऊन वर आलं. एक कुत्रा चटईखाली शिरला आणि माझ्या मांडीला टेकून झोपला. नंतर पाठीमागे कुणीतरी बसल्याचा आवाज आला, जड, कण्हत. याकोपोकाका. चटईखाली यायचं नाही म्हणाले होते, पण उन्हात उघड्या डोक्यानं माझ्या मागे येऊन बसले. मग ड्रायव्हर आला, त्याची लग्नाची बोलणी होती तो. मग लोसा. काल मी टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं, दादा, ते सगळे कसे एकेक करून येऊन बसत गेले, आणि समोर गावच्या बाया कशा येऊन बसल्या. मधे एक रिकामं अंगण. कुणी खाल्लं नाही. कुणी कुजबुजलं नाही. लहान मुलंसुद्धा. मी ते बघताना विसरलो, की मधला तो उंचवटा मी आहे. मला वाटत होतं, एवढी माणसं कशाची वाट बघताहेत?

काकांनी मला न विचारता आपल्या गावच्या दुकानात फोन केला होता, हे नंतर कळलं.

दुपार कलल्यावर एक बस थांबली. बसचा थांबा तिथून पुढे आहे, पण ती तिथेच थांबली. पावलं आली. डावा पाय ओढत. तुला सांगायला नको ती कुणाची.

माझ्या डोक्यावरची चटई उचलली गेली आणि क्षणभर सगळं पांढरं झालं. बाबांनी समितीची चटई नीट घडी घालून समितीच्या बायांपुढे ठेवली, वाकून. मग माझ्यावर दुसरी आली. तिला आईच्या पेटीचा वास होता. डांबरगोळ्या आणि खोबरेल.

“सरक,” बाबा म्हणाले आणि आत आले.

“आईची?” मी विचारलं.

“मग कुणाची? तुझ्या नाटकवाल्यांची?”

“आई कुठे आहे?”

“मागे बसली आहे. बोटीत रडून झालंय तिचं. गप्प बस आता.” मग थोड्या वेळानं, “हा कुत्रा कुणाचा?”

“माहीत नाही.”

“राहू दे. त्यानं काही केलेलं नाही.”

त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. आपले बाबा, दादा. पाद्रीबाबांसमोरसुद्धा ज्यांची मान वाकत नाही. त्यांनी कपाळ जमिनीला लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, “मी या घराचा प्रमुख. मी उशिरा आलो.”

तेवढंच. आत नारळ खोवायचा आवाज थांबला.

आणि इथेच तुझ्या फोनवर अंधार झाला आणि मालिकेचं नाव आलं. इथे पुष्कळ लोक चिडले. लोसाला फोन आले, चटई उचलली की नाही ते दाखवलंच नाहीत! पण लोसानं बाईंना विचारलं होतं, किती दाखवू? बाई म्हणाल्या होत्या, “थांबणं दाखव. उचलणं आमचं आहे.”

म्हणून उचलणं मी फक्त तुला लिहितो.

चटई उचलली तेव्हा त्या दिसल्या. मला वाटल्या होत्या त्यापेक्षा लहान. हाताला खोबऱ्याचा कीस होता. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. चटईच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या, जिथे वीण सर्वांत बारीक आहे तिथे.

“ही कधी सुरू केलीत?”

आई मागून म्हणाली, “तुमचा मुलगा गेला, त्याच वर्षी. पूर्ण नाही झाली. एका बाजूची पिसं राहिली आहेत.”

मकेरिताबाई खाली बसल्या, अंगणातच. आई पुढे सरकली. दोघी एकमेकींना धरून बसल्या की भांडल्या, ते मला नीट कळलं नाही, कारण आवाज दोन्हींसारखा होता. आजूबाजूची सगळी माणसं मान खाली घालून होती. याकोपोकाका, ज्यांनी साऱ्या देशाला हसवलं, ते तोंडावर पंजा दाबून बसले होते.

मग आम्हाला आत नेऊन जेवायला वाढलं. कोकोचा भात आणि डब्यातले मासे. बाबांनी ताटाला हात लावला नाही. बाई म्हणाल्या, “खा. रिकाम्या पोटी आलेल्या माणसाला मी परत पाठवत नाही.” मग त्यांनी विचारलं, “गाडीवाला कुठे आहे?”

“ऑकलंडला,” बाबा म्हणाले.

“जेवतो का नीट?”

बाबांनी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. मी म्हणालो, “गुरुवारी ताट घेऊन बसतो, एवढं माहीत आहे.”

काल त्या गावात पंचांनी प्रार्थना लवकर उरकली. शंख उजेडातच वाजला आणि सगळं गाव पाद्रीबाबांच्या टीव्हीसमोर बसलं. आसपासच्या गावांनीही तसंच केलं म्हणे. आज सकाळी त्या गावांचे वक्ते हातात चवऱ्या घेऊन उइलीसाहेबांच्या ऑफिसात आले, जमिनीवर बसले आणि भाषणं सुरू केली. वक्त्याला मधे तोडता येत नाही, हे साहेबांनाही ठाऊक आहे. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. ‘मालिका चालू ठेवा, आणि प्रार्थनेनंतर लावा,’ एवढंच मागणं, पण प्रत्येकानं सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. दुपारी साहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की थकव्याची, ते लोसाला कळलं नाही. पुढच्या गुरुवारी रग्बी लागतं की आम्ही, ते तेव्हाच कळेल.

मी आज दिव्यांची राहिलेली पेटी आणायला फागालोआला गेलो होतो. आईची चटई बाईंनी पेटीत ठेवलेली नाही. घराच्या मधोमध पसरलेली आहे, व्हिलियामूच्या फोटोखाली. घरातली माणसं वळसा घालून जातात. मी विचारलं, घडी घालून देऊ का? त्या म्हणाल्या, एवढ्या मोठ्या चटईची घडी दोन्ही टोकांनी धरून घालावी लागते. एक टोक मी धरीन.

वाऱ्यानं पलीकडचं टोक उलटलं होतं. मी ते सरळ करायला वाकलो.

“तू राहू दे,” त्या म्हणाल्या. “ते गाडीवाल्याचं आहे.”

तुझा,
मलाकी